आता?

पौषापर्यंत मागच्या खोलीत नेट येत होतं.
चैत्र लागला आणि गेलं.
कंपनीच्या पोराला तीनदा बोलावलं, तीनदा त्यानं
समोरच्या खोलीत उभं राहून सांगितलं,
"काका, फुल येऊन राहिलं."
समोर येईलच ना बाप्पा. राउटरच तिथं आहे.

मी वीज मंडळातला. चौतीस वर्षं खांबावर.
तारेतलं मला विचारा.
मानेवाड्यात कोणत्या फीडरवर कोणती गल्ली पेटते
झोपेत सांगीन.
पण हे हवेतलं प्रकरण,
याला ना टेस्टर लागतो, ना झटका बसतो.

सून मागच्या खोलीतून नोकरी करते.
प्रांजली. बोलणं बेताचं, माझ्याशी तर फारच.
तिच्या पडद्यावरची माणसं गोठायची,
तोंड उघडं, हात अर्धा वर,
फ्यूज उडाल्यासारखी.

बर्डीवरून एक्स्टेंडर आणला.
अठराशे म्हणत होता, साडेबाराशेत दिला.
जिथं अंधार तिथं बल्ब, एवढंच आयुष्यभर केलं,
म्हणून सरळ तिच्या टेबलापाशी खोचला.
मोबाइलवर कांड्या चारच्या चार
आणि नेट ठणठणगोपाळ.

"त्यालाच इथं ऐकू येत नाही बाबा,
तो पुढं काय सांगणार?"

लग्नानंतर तिचं मला एवढं लांब वाक्य पहिलंच.
खरंच की. हा बल्ब नव्हे, हा मधला खांब.
शेवटच्या घरात कोणी खांब रोवतं का?
चौतीस वर्षं. आणि हे मला पोरीनं सांगावं.

मग सुरू झालं.
मी एक्स्टेन्शन बोर्डची वायर गळ्यात घालून,
ती मागच्या खोलीत मोबाइल धरून.
लोखंडी कपाटाशेजारी. "आता?"
"नाही."
फ्रिजवर. "आता?"
"नाही, नाही."
देवळीपाशी. "आता?"
"दोन कांड्या. येते-जाते."
शेजारच्या खोब्रागडेबाईंनी भिंतीवरून डोकावून विचारलं,
काय हरवलं?

घाम पुसायला तिच्या खिडकीशी थांबलो
आणि कूलर दिसला.
तीन बाजूंनी पत्रा, ओलं गवत, पोटात साठ लिटर पाणी.
तो नऊ इंची भिंतीतून कधी येतच नव्हता!
समोरच्या खिडकीतून उडी मारून, बोळीतून,
मांजरासारखा या खिडकीतून आत यायचा.
आणि गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी
मीच तिथं कूलर बसवला,
सुनेला गरम होऊ नये म्हणून.

कूलर काढायचा?
पंचेचाळीस होतं त्या दिवशी.
हा प्रश्न नागपुरात कोणी दोनदा विचारत नाही.

शेवटी मोरीच्या दाराबाहेर, माझ्या दाढीच्या आरशाखाली,
नव्वद साली मीच बसवलेला एक वाकडा सॉकेट.
तिथून समोरचा राउटरही दिसतो, तिचं दारही.
"आता?"
काही वेळ काहीच नाही.
मग आतून कुणीतरी परदेशी हसलं, न अडखळता.

वेग निम्माच मिळतो, ती म्हणाली.
मिळेलच. ऐकायचंही त्यानंच, सांगायचंही त्यानंच.
दुपारभर ओरडून माझा घसा बसला होता.
तिचाही.

रात्री साडेनऊला लाइट गेली.
राउटर, एक्स्टेंडर, कूलर, तिघं एकदम गप्प.
मुलगा बुटीबोरीला, नाइट शिफ्टला.
कोणत्या खांबावरचा जंपर तुटला
ते आवाजावरून मला कळलं होतं; फोन लावणार होतो,
तर ती दोन पाट घेऊन पायरीवर आली.
फोन खिशात ठेवला.

पत्रा अजून तापलेला. कडुलिंब चित्रातल्यासारखा.
बऱ्याच वेळानं अंधारातून तिनं विचारलं,
"आता?"
मी तळहात वर धरला.
अगदी वरच्या फांदीवर एक पान हललं,
किंवा हललं असावं.

"एक कांडी," मी म्हणालो.