भोपळ्याआडचा क्रूस

हंगामाचा सण होता, शरणपुरात.
नोव्हेंबरची थंडी अजून बाकांच्या लाकडात बसलेली
आणि मी सकाळपासून मेजावर आभार रचत होतो:
दिंडोरीच्या टोमॅटोचं क्रेट,
इगतपुरीहून आलेलं इंद्रायणीचं पोतं,
सीताफळं, शेवंती,
पायात सुतळी बांधलेल्या तीन गावठी कोंबड्या.
मखमलाबादच्या एकाने द्राक्षवेलीची नुसती चार पानं आणली.
घड फेब्रुवारीत, म्हणाला, आभार आत्ताच घ्या.
आणि सगळ्यांच्या पुढे
ओझरच्या केदारींचा लाल भोपळा,
दोघांनी मिळून उचलून आणलेला.

यादी माझ्याकडे. यादी कायम माझ्याकडेच.
चौतीस वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात
मी नोटांचे ताव तपासले.
केसाएवढी रेघ सरकली, ताव बाद.
नोकरी सुटली, डोळा नाही सुटला.
घरी निळ्या पुठ्ठ्याची वही आहे,
रोज रात्री तीत उपकार लिहितो, नंबर घालून:
शुगर आटोक्यात.
शलोमीला नर्सिंगला प्रवेश.
नळाला पाणी वेळेवर.
आकडा अकरा हजारांच्या पुढे गेलाय.
आणि रोज सर्वांत खाली, गठ्ठ्यावर शिक्का मारावा तसं,
येशूच्या नावाने, आमेन.

उपासनेला वीस मिनिटं होती.
दीनाबाई उजागरे फरशीवर सांडलेले तांदूळ
एकेक करून वेचत होत्या.
मध्येच थांबल्या.
"भाऊ, तो कुठंय?"
मी यादीवरून बोट फिरवलं. "कोण? कुणाचं राहिलं?"
"अहो, तो," आणि हनुवटीने दाखवलं
मेजाच्या मधोमध.

मेजाच्या मधोमध भोपळा होता.
क्रूस त्याच्या मागे असणार,
शनिवारी मीच तर चिंचेने घासला होता.

मला राग आला, खोटं कशाला बोलू.
सगळं मापात बसवलं होतं मी.
शिवाय केदारी काय म्हणतील?
दीनाबाईंनी तांदळाची मूठ पदरात बांधली,
भोपळ्याला एका बाजूने हात लावला
आणि माझी वाट बघत उभ्या राहिल्या.
"यंदा माझ्याकडं आणायला काही नाही, भाऊ.
बघायला तरी असू दे."

यादीत त्यांच्या नावापुढची जागा कोरी होती.
जुलैत नवरा गेला. मुलगा फोन उचलत नाही.
मला हे माहीत होतं.
माहीत असून मी तिथे रेघ ओढून पुढे गेलो होतो.

आम्ही दोघांनी भोपळा ढकलला.
जड होता. मेजावरच्या कापडाला सुरकुती पडली,
ती तशीच राहिली.

दुपारी लिलाव झाला. कोंबड्यांवरून हशा, भांडण,
पाळकसाहेबांनी सीताफळं चढ्या भावाने घेतली.
कुणीतरी पाचशेची नोट हातात ठेवली
आणि सवयीने मी ती उजेडाकडे धरली.
छापखान्यात नव्या पोरांना सांगायचो,
नक्षीत शोधू नका, आकड्यांत शोधू नका.
खूण त्या मोकळ्या पांढऱ्या जागेत असते,
जिथे काहीच छापलेलं नाही असं वाटतं.
कागद ओला असतानाच ती आत बसते,
मागाहून शिक्क्याने उमटत नाही.

चौतीस वर्षं सांगितलं हे. दुसऱ्यांना.

भोपळा शेवटी मीच घेतला, अकराशेला.
रिक्षावाला म्हणाला, याचं वेगळं भाडं.
अर्धा दीनाबाईंकडे उतरवला.
त्यांनी आभार मानले नाहीत,
विळी शोधायला आत गेल्या.

रात्री वही उघडली.
नंबर घातला नाही.
पानाच्या डोक्यावर तुझं नाव लिहिलं,
आणि मग बराच वेळ पुढचं सुचेना.
इतकी वर्षं मी तुला
तुझ्याच देणग्यांच्या मागे उभं केलं होतं
आणि तू उभा होतास.
स्वयंपाकघरातून मेथीच्या फोडणीचा वास येत होता.
तो लिहावासा वाटला.
लिहिला नाही.
पान तसंच ठेवलं, कोरं,
वर फक्त तू.