पान एकशे त्रेचाळीस

पीटरहेडच्या वाचनालयात, बॉयलरशेजारच्या खोलीत
माणसं सहा आणि प्रती चार:
दोन धर्मादाय दुकानातल्या, एक लिलावातली,
एक इनिसची, जिला तो कुणाला हात लावू देत नाही.

'टॅलो स्टेशन', पुस्तक चौथं.
मालिका दोन हंगाम चालली नि बंद पडली
त्याला झाली शेहेचाळीस वर्षं.
मुखपृष्ठावर कमांडरला झुपकेदार मिशी,
आत पान नऊवर तो ती काढून टाकतो.
इथूनच ठिणगी.

इनिस म्हणतो, सातव्या मजल्यावर दार डावीकडे होतं,
लेखकाने उजवीकडे नेलं.
माणसाने निदान एकदा तरी मालिका बघावी!
युफीमियाबाई म्हणतात, दाराचं काय घेऊन बसलास,
कमांडर रडतो ते बघ.
छत्तीस भागांत डोळ्याला टिपूस नाही
आणि इथे दीड पान ढसाढसा.
कुणी दिला ह्याला अधिकार?

डूगल निवृत्त मास्तर, त्याने मोजलंय:
'दार फुसफुसत उघडलं', एक्केचाळीस वेळा.
वाक्यं म्हणजे भिजलेला पुठ्ठा, म्हणतो.
तरी वाचलंत ना शेवटपर्यंत?
'तीनदा,' तो म्हणतो,
आणि बिस्किट चहात बुडवतो.

रोवन सतरा वर्षांची. तिने मालिका पाहिलेलीच नाही.
तिच्या लेखी हे पुस्तक मूळ
आणि पडद्यावर असेल ती नक्कल.
हे ऐकल्यावर इनिस आपली प्रत
पिशवीत ठेवून चेन लावतो.

मी इतिवृत्त लिहिते. लिहिता लिहिता गोष्ट येते ब्रॅनकवर.
ब्रॅनक, रेडिओवाला.
मालिकेत तो दुरुस्तीला बाहेर जातो,
दोर तुटतो, जाहिराती लागतात.
पुढच्या शनिवारी त्याच्या खुर्चीत दुसराच कुणी,
आणि सगळे कॉफी पितायत.
नटाचं पैशांवरून बिनसलं होतं म्हणे.
पुस्तकात मात्र त्याला अख्खं अकरावं प्रकरण,
सतरा पानं.
'भरताड,' डूगल म्हणतो. 'पानं कमी पडली असणार.'

कॉर्डिनर तीन बैठका गप्प होता.
एकतीस वर्षं किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रात नोकरी,
कानाला अजून हात लावून ऐकतो.
'एकशे त्रेचाळीस,' तो म्हणतो. 'ते बरोबर आहे.'

आम्ही पानं उलटतो.
तिथे विशेष काहीच नाही.
ब्रॅनकचा आवाज गेल्यावर एक पोरगी हेडफोन चढवते,
वहीत वेळ लिहिते, हाक मारते,
पंधरा मिनिटं थांबते,
वेळ लिहिते, हाक मारते.
रकाना मोकळा सोडत नाही. लिहिते: उत्तर नाही.
पाऊण पान हेच, हेच.
मी ते गाळून पुढे गेले होते.

'हा लेखक,' कॉर्डिनर म्हणतो,
'कधीतरी कुणाच्या तरी शेजारी बसलाय रात्रपाळीला.
नाहीतर पंधरा कुठून आणले असते?
दुसऱ्याने दहा लिहिले असते.
दहा ऐकायला बरे वाटतात.'

बॉयलर गुरगुरतो.
रोवन विचारते, किती वेळ मारायच्या हाका?
'थांबा असा हुकूम येईपर्यंत.'
आणि आल्यावर?
'आल्यावर आणखी एक.
ती वहीत लिहायची नाही.'

इनिस पिशवीची चेन उघडतो,
पान काढतो, काही बोलत नाही.
दार आता कुठल्या बाजूला आहे
हे तो बघतोय की दुसरं काही, कळत नाही.

फॉर्मवर दहापैकी गुण भरावे लागतात.
युफीमियाबाईंचे चार, रडण्यामुळे.
इनिसचे चार, मग खोडून साडेचार.
डूगल आकडा देत नाही, फॉर्मातलं व्याकरण सुधारतो.
रोवनचे दहा.
कॉर्डिनर कोट घालता घालता थांबतो,
छताकडे बघतो, सहा म्हणतो.

सहाच?

'दारं फार फुसफुसतात.'