बोरन्हाण

बिल्किस आली तेव्हा मी तांदळातले खडे वेचत होते.
मुंब्र्याहून दोन रिक्षा बदलून ऐरोली सेक्टर तीन,
गळ्यात ओळखपत्र, पिशवीत एकशेबारा प्रश्न.
म्हणाली, ताई, थोडा वेळ घेते तुमचा.
घे. कैवल्य सहा वर्षं घेतोय,
तोही परत करत नाही.

प्रश्न चाळीस: पहिल्यांदा कधी जाणवलं?
मी पिवळं कार्ड काढलं, घडीवर फाटलेलं.
हे बघ. अकरा जून, सोळाव्या महिन्याची सुई.
जुलैत 'काऊ' गेला. मग 'पाणी' गेलं.
शेवटी 'आई' गेली,
दार न वाजवता.
दोन तारखा इतक्या लगत
की मधे बोट मावत नाही.

तिनं लिहून घेतलं. हो नाही, नाही नाही.
प्रश्न एक्केचाळीस: त्याआधीचा एखादा व्हिडिओ?

होता. जुन्या फोनमध्ये, तडा गेलेल्या काचेमागे संक्रांत.
अकरा महिन्यांचा कैवल्य, काळं झबलं, हलव्याचा मुकुट,
डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे,
मजल्यावरची सगळी पोरं तुटून पडलेली
आणि माझा आवाज: कैवल्य, ए राजा, इकडे
नऊ हाका. तिनं मोजल्या.
मी त्या दिवशी मोजल्या नव्हत्या.
तो फरशीवर फिरणारी पंख्याची सावली बघतोय.

जानेवारी.
सुईला पाच महिने होते अजून.

देशोदेशीच्या लाखो मुलांच्या नोंदी तपासल्यात, ती म्हणाली,
सुई घेतलेली, न घेतलेली. फरक सापडला नाही.
सांगताना आवाज खाली आला तिचा,
मयत कळवावी तसा.
आणि गेलंच होतं कुणीतरी:
ज्याला सहा वर्षं शिव्या घातल्या, तो.
आता एवढा राग ठेवायचा कुठे,
वन बीएचकेत?

मग कशानं झालं?
बरंचसं अजून कळायचंय, ताई. म्हणून तर हे प्रश्न.
'अजून कळायचंय'
असं मला नणंद बोलली नव्हती, ज्योतिषी नाही,
सगळ्यांना सगळं कळलेलं होतं.

जुईचं कार्ड फ्रिजवर पडून होतं, अर्धे रकाने कोरे.
बुधवारी दोघांना घेऊन आरोग्य केंद्रात गेले.
सिस्टर म्हणाली, एवढा उशीर?
मी कार्ड पुढे केलं.
जुई भोकाड पसरून रडली. कैवल्य वर बघत होता.
मीही बघितलं.
तीन पाती होती,
एकाला गंज,
फिरताना दिसत नव्हता.