जरा मोठं

मंगळवार पेठेत, वाचनालयाच्या माडीवर
रविवारी सकाळी नऊला आम्ही अकरा जण.
खालून मिसळीच्या कटाचा वास,
वर सरनोबत बाई, फळ्याकडं तोंड करून.
पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं:
चप्पल. पाय हा शब्द नको.
मुल्लाणींच्या शबनमनं दहा मिनिटांत
अख्खं लग्न मोडून दाखवलं
उंबऱ्याशी राहिलेल्या एका तुटक्या अंगठ्यावर.
मी लिहिलं, चप्पल चामड्याची असते.
बाई म्हणाल्या, असते. पुढं?

मग गंगावेशीतला दूधकट्टा, रात्री अकराचा,
म्हशीच्या बाजूनं.
आम्ही हसलो. हसूरकर काका हसले नाहीत,
तलाठ्याच्या बारीक अक्षरात लिहीत राहिले.
"ग्लास रांगेत उभे आहेत,
माझं पारडू घरी आहे,"
वाचता वाचता त्यांचा आवाज बसला.

तिसरा रविवार:
वडील. वडलांना आणायचं नाही.
म्हणजे काय लगा, शेजारचा कुजबुजला,
पाहुण्याला बोलवायचं आणि दार लावायचं?
मी वीस मिनिटं पेनाचं टोपण काढलं, लावलं.
कोरं पान घडी घालून खिशात.

सोमवारी शिरोलीत दुसरी पाळी.
पेटीत वाळू ठासली,
लाकडी पॅटर्न ठोकून सैल केला,
उचलला.
सतरा वर्षं उचलतोय.
त्या दिवशी तिथंच उकिडवा बसलो.
लाकूड वर आलं होतं,
खाली वाळूत त्याची कड न कड,
एका गाठीचा व्रणसुद्धा.
आणि आपण लोखंड ओततो
ते लाकडात नाही,
ह्या नसण्यात.
ए सुतार, झोप लागली काय? सुपरवायझर ओरडला.

माझे वडील उद्यमनगरात पॅटर्न करायचे.
(ही ओळ खोडायची आहे.)

आमच्या घरी एक पट्टी होती, पितळी टोकांची.
फुटाला सूतभर लांब.
लोखंड थंड होताना आकसतं,
म्हणून मापच आधी जरा मोठं.
मला हे तिसरीत कुठलं ठाऊक?
पट्टी दप्तरातून नेली,
वर्गात माझ्याच रेघा चुकल्या,
गुरुजींनी हातावर मारली ती पण तीच.
घरी कुणी काही बोललं नाही.
सकाळी दप्तरात नवी प्लास्टिकची पट्टी,
कागदाच्या पुडीत गूळ-शेंगदाणे,
पुडीला लाकडाचा भुसा चिकटलेला.

इथवर आलोय.
रात्रीचे दोन वाजलेत, उद्या चौथा रविवार.
बाई विचारतील, पुढं?
एका ठिकाणी फार बोललोय, मलाही कळतंय.
राहू दे.
थंड झाल्यावर बघू.