डावा डोळा

एकतीस वर्षं मी कपांच्या काठावर सोनेरी रेघ ओढली.
चाक फिरायचं, हात स्थिर.
बर्स्लेममध्ये तेव्हा बाई हातावरून ओळखली जायची:
ही फुलांची, ती पानांची,
आणि ही डोरीन, रेघेची.
रेघ हलली तर कप मागच्या खड्ड्यात.
फुटल्याचा आवाज आला
तरी कुणी मान वर करायची नाही.

मग भट्ट्या विझल्या.
निरोपाला एकेक किटली मिळाली,
तीही दुसऱ्याच कारखान्याची.

बसथांब्यासमोर वसीमचं दुकान.
मी आत शिरले ते खुर्ची दिसली म्हणून,
गुडघा बोलत होता.
काचेच्या कपाटात बोटभर राक्षस,
हाडांच्या घोड्यांवर हाडांचे स्वार,
एका बुटक्याच्या पट्ट्याला बक्कल
आणि बक्कलावर, बाई गं, नक्षी.
चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"हे रंगवतं कोण?"
"तुम्ही," वसीम म्हणाला. "घरी नेऊन."

खोक्यात निघाली राखाडी प्लास्टिकची जाळी,
तिला लटकलेले हात, ढाली, दात विचकलेली डोकी.
पहिल्याच रात्री माझी तर्जनी
एका गॉब्लिनच्या पाठीला चिकटली.
अर्धा तास आम्ही दोघं तसेच,
तो माझ्या बोटावर स्वार,
मी तोंडाने शिव्या देत
एका हाताने चहा करतेय.

ब्रशचं टोक ओठांत धरून काढायची जुनी खोड.
वसीम ओरडला, "पोटात जाईल!"
अरे बाळा, याहून वाईट चाटून
मी म्हातारी झालेय.

तीन आठवडे. सव्वीस गॉब्लिन.
कुणी सांगेना कुठला रंग कुठे.
एका संध्याकाळी पंधरा बाटल्या उघडून
नुसती बसून राहिले,
ओव्हनमधला बटाटा कोळसा होईपर्यंत.
मग एकाची टोपी निळी केली,
ती निळी,
जी आम्हाला मोठ्या घरांच्या ऑर्डरींपुरतीच
चमच्याने मोजून मिळायची.
टोपी झाली. मग जोडेही केले.

सव्विसाव्याचा डावा डोळा बिघडला.
ठिपका सरकला, आणि तो बघायला लागला
माझ्या खांद्यावरून मागे,
दारात कुणी येऊन उभं असल्यासारखा.
पुसायला कापूस उचलला.
खड्ड्यातला आवाज कानात आला, तोच.
कापूस खाली ठेवला.

मंगळवारी पहिला डाव.
समोर एलिस, तेरा वर्षांचा, दातांना तारा,
नियमांचं पुस्तक तोंडपाठ.
त्याचं सगळं सैन्य अजून राखाडी, उघडं.
"नवे रंगवलेले आधी मरतात,"
तो गंभीरपणे म्हणाला, डॉक्टरसारखा.
"म्हणून रंगवत नाहीस?"
तो टेपने अंतर मोजत राहिला.
सहा इंच. परत मोजलं. सहाच.
"चुकेल म्हणून," टेपला सांगितल्यासारखं बोलला.

मी फासे मुठीत घोळवले.
एकतीस वर्षं ज्या हाताने काही नशिबावर सोडलं नाही
त्या हाताने टाकले:
एक, एक, दोन, एक.
असं दान वैऱ्यालाही पडू नये.
निळी टोपी गेली. तिच्यामागे अकरा जण गेले.
एलिस एकेकाला दोन बोटांत उचलून
कडेला उभं करत होता, आडवं नाही,
रंग खरवडू नये म्हणून.
मला राग यायला हवा होता.
मी म्हटलं, "परत माझीच पाळी ना?"

टेकडीवर उरला सव्विसावा.
एलिस वाकला, हनुवटी टेबलाला लावली,
त्याच्या डोळ्यात डोळा घालायला गेला,
जमेना.
"हा बघतोय कुठे?"
"दाराकडे."

पोरगं मागे वळून बघून आलं.