तळघरातला पुरावा

मार्चमध्ये दोघे आले, कोट कडक इस्त्रीचे,
पायरीवर बूट झाडून. म्हणाले,
वर्ना गुडायटिस आपणच? तळघर बघायचंय.
मी म्हटलं, तिसरी पायरी सैल आहे, जपून.
बॉयलरचे सात फोटो काढले त्यांनी.
एकाने नंबर उतरवून घेतला,
दुसऱ्याने त्याच्या अंगावर तळहात ठेवला
आणि कुणी विचारलं नसताना म्हणाला,
चांगला चालतोय.

आरोपपत्रात तो चौदावा आहे.
तेराव्या क्रमांकावर एक मोटरबोट,
पंधराव्यावर फ्लॉरिडातल्या कुठल्याशा हॉटेलातल्या चार रात्री.
मधे माझा बॉयलर.

बर्नी युर्कानिनला मी नाक गळत होतं तेव्हापासून ओळखते.
बाप खाणीत, मग खाण बंद, मग बाप नुसताच खोकल्यात.
सतराव्या वर्षी अग्निशमनच्या बंबावर लटकला;
भोंगा झाला की शर्टाची बटणं वरखाली लावून पळायचा.
पुराच्या साली मिसेस ओलेनिकचा पियानो
त्याने आणि आणखी तिघांनी टेकडीवरच्या शाळेत चढवला.
पियानो वाचला. घर गेलं.

पहिली निवडणूक एकोणीस मतांनी जिंकला.
दुसरीत समोर कुणी उभंच राहिलं नाही.
तिसरीपर्यंत त्याला पाठ झालं होतं
कुणाचा कचरा कुठल्या वारी, कुणाचा मुलगा तुरुंगात,
कुणाच्या दारासमोरचा दिवा गेलाय.
लेंटमधे चर्चच्या तळघरात आम्ही पिरोगी करायचो,
दर शुक्रवारी शंभर डझन,
तर हा बाह्या सरसावून कडा दाबायला बसायचा.
वाईट दाबायचा. उकळत्या पाण्यात
त्याच्याच तेवढ्या फुटायच्या.

त्या जानेवारीत एडला जाऊन अडीच महिने झाले होते.
जुना बॉयलर रात्री मेला. मी कोट घालून झोपले,
सकाळी नळात बर्फ. कुणाला सांगितलं नव्हतं,
फक्त पोस्टात, तिकिटं घेताना, बोलता बोलता.
दुपारी दारात डिफिलिपोचा ट्रक.
आमच्या सगळ्या रस्त्यांचं डांबर ज्याचं, तोच डिफिलिपो.
मी म्हटलं, बर्नी, पैसे?
म्हणाला, परिषदेचा एक फंड आहे, म्हाताऱ्यांसाठी.
म्हातारी म्हटल्याचा मला राग आला,
फंडाचं विचारायचं राहून गेलं.

राहून गेलं, की मी राहू दिलं?
सरकारी वकीलबाई हेच विचारणार आहेत स्क्रॅन्टनला.
माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत, आवाज मऊ.

तळं राखील तो पाणी चाखील, म्हणतात लोक.
आमचं तळं पाहिलंय कुणी?
खाणीच्या तोंडाशी साचलेलं, गंजासारखं नारिंगी,
बदकसुद्धा उतरत नाही त्यात.
चाखणाऱ्याला कळत असणारच
आपण काय चाखतोय ते.
आणि ते डांबर दुसऱ्याच हिवाळ्यात उखडलं,
कोपऱ्यावरच्या खड्ड्यात रुग्णवाहिकेचं चाक रुतलं,
आत मिस्टर हाल्को होते.
हेही मी सांगणार आहे.
कुणी विचारलं नाही तरी.

काल एप्रिलात बर्फ पडला, ओला, जड.
परिषदेचं बर्फ काढायचं यंत्र आता आमच्या गल्लीत
सगळ्यात शेवटी येतं;
आधी सगळ्यात पहिलं यायचं,
हे मला यंदाच कळलं.
पहाटे फावड्याचा आवाज आला.
पडदा बोटभर सरकवला तर तो, टोपी कानापर्यंत ओढून,
दारापासून रस्त्यापर्यंत वाट काढत होता.
साक्षीदारांशी बोलायचं नाही, अशी ताकीद आहे त्याला.
तो बोलला नाही.
मीही दार उघडलं नाही.
कॉफी केली होती दोन कप, सवयीने;
दुसरा कप एडसाठी की त्याच्यासाठी, देव जाणे.

तेवढ्यात खाली बॉयलर धडधडत सुरू झाला,
नळ्या टकटकल्या, काचेवरची वाफ हलली.
मी थर्मोस्टॅट दोन अंश खाली केला.
खिडकीशी उभी राहिले थोडा वेळ.
मग पुन्हा वर केला.