दुसरा गिअर

ड्रेन प्लगच्या चुंबकाला
काळी, बारीक मिशी फुटलेली असतेच.
ती चालते.
या वेळी मिशीत दात होता.
अख्खा.
मी तो पुसून सन्मतीच्या तळहातावर ठेवला.
"दुसऱ्याचा," म्हटलं.

निपाणीचं पोर. बापाची तंबाखूची वखार.
पुण्याहून टर्बो बसवून आणलाय,
एकशे दहाचे दोनशे साठ घोडे केलेत
आणि पेटी तीच,
कंपनीनं बाजारहाटापुरती दिलेली.
"पॉवर लई झालीय की मामा."
झालीय की.
पण ती जाणार कुणाच्या खांद्यावरून?

उद्यमबागेत दुपारचा भोंगा झाला
तेव्हा सगळी पेटी पत्र्याच्या ट्रेमध्ये पसरलेली होती.
तिरके दात. तिरका दात गोड बोलतो,
गाडीत बसलेल्याला ऐकू येत नाही,
पण जोर आला की शाफ्टला कडेला रेटतो,
घर फाकतं केसाएवढं,
आणि केसाएवढ्या फटीत
दात दाताच्या टोकावर उभा राहतो.
मग काय.

सरळ दात पाडायचे ठरले.
भावकाण्णानं हॉबिंग मशीनवर तीन दिवस घेतले,
एन छत्तीसचा गोळा, पांढरं कूलंट, मधेच चहा.
कोल्हापूरवाले विचारतात, तुमच्या सीमेचं काय झालं?
भावकाण्णा चष्मा वर करून म्हणतो,
आमच्यात सीमा मायक्रॉनमध्ये मोजतात,
आणि चुकली तर माल परत येतो.

मग मच्छेला, इराण्णाच्या भट्टीत. नऊ तास.
मी दर तासाला फोन करायचो,
तो दर तासाला तेच, "स्वल्प तडी री."
कातडी काचेसारखी हवी, पोट मऊ.
आतनंही कडक केलं
तर पहिल्या झटक्याला तडकतं.
हे मला इराण्णानं कानडीत शिकवलं,
मराठीत अजून नीट सांगता येत नाही.

त्या रात्री सन्मतीच्या बापाचा फोन आला.
पोराला न सांगता.
खोकला, थांबला, पुन्हा खोकला.
"मामा, त्यात काहीतरी कच्चं ठेवा.
म्हणजे गाडी आधी मोडेल."
आधी कशाच्या, ते बोलला नाही.

मी काय सांगणार?
की कच्चा गिअर रस्त्यात हात जोडून थांबत नाही,
एकशे तीसला पेटी आवळली
की चाकं जागच्या जागी गोठतात,
आणि पुढं ट्रक असतो, नाहीतर मोरी.
"बघतो," म्हटलं.
तो तेवढ्यावरच "उपकार झाले" म्हणाला,
ते मला आवडलं नाही.

काहीच कच्चं ठेवलं नाही.
निळा रंग लावून दातांचा ठसा दोनदा पाहिला,
एक शिम काढली, दुसरी घातली,
क्लचची स्प्रिंग इतकी जड
की दाबताना माझा डावा गुडघा बोलला.
फक्त शेवटची जोडी आखूड दिली.
चढाला वाघासारखी उठेल,
पण एकशे पन्नासच्या पुढं
इंजिन नुसतं ओरडेल, गाडी सरकणार नाही.
"चोर्ल्याच्या घाटासाठी," मी पोराला म्हटलं.
खोटं नव्हतं ते.
सगळंही नव्हतं.

पहाटे जांबोटीच्या रस्त्याला नेली.
धुकं, काजूची झाडं, रस्त्यावर कोण नाही.
दुसऱ्यात टाकली आणि सरळ दात गायला लागले,
गायला म्हणजे किंचाळायलाच,
करवतीत लोखंड सापडल्यासारखे.
मला वाटलं, पोर तोंड वाकडं करणार.
ते हसत होतं. पार हिरड्या दिसेपर्यंत.

महिन्यानं बाप स्वतः आला,
तेल बदलायचं निमित्त.
तो दात अजून माझ्या ड्रॉवरमध्ये होता, मी दाखवला.
त्यानं हातात घेतला नाही.
"आवाज लई करते," म्हणाला.
"करणारच. सरळ दात."
"नाही, चांगलं आहे," म्हणाला.
"रात्री हायवेवरनं वळली की वखारीत कळतं.
मग मी दिवा घालवतो."